पणजोबांच्या वहीतली एक ओळ

आज पहाटे पणजोबांच्या हिशेबाच्या वहीतली एक अख्खी ओळ कुणाच्याही मदतीशिवाय वाचली. वय ५४. मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, शिकायला लागून आठ महिने झाले.

रोज साडेपाच ते सहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आधी पानभर शिरोरेघा आखायच्या आणि मग हात न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘र’ तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो! पहिले दोन महिने नुसती बाराखडी गिरवली. कंटाळा आला, तरी बसले. तेव्हा बसले म्हणून आज वाचता आलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

१९५०च्या आसपास मोडी शाळांमधून गेली आणि दोन पिढ्यांत घरातलेच कागद आपल्याला परके झाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, आजही मोडीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. वाचणारे फार कमी. मनाला लागतं हे.

तर ती ओळ. शाई तपकिरी पडलेली, कोपरा वाळवीने खाल्लेला. बियाणं, मीठ, बैलाची वेसण असा खर्च आणि त्याखाली सलग, एका दमात लिहिलेलं: ‘चिरंजीवासपाटीघेतली’. तीनदा बोट फिरवलं तेव्हा शब्द सुटे झाले. हे चिरंजीव म्हणजे माझे आजोबा.

आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, “पुढचं पान कधी वाचतेस?”

उद्या, साडेपाचला.