लिव्हर क्लाइम्ब, लिव्हर क्लाइम्ब

कॉम्प्युटरवर विमान उडवायची जॉयस्टिक विकणाऱ्याला मी चार मेल पाठवले. तीनदा एकच उत्तर आलं: ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. चौथ्यांदा नवीन मागणी आली, खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी चिपळुणातला, सबस्टेशनवर पाळ्या करणारा माणूस. खोका उघडताना शूटिंग कोण करतं? आमच्या लग्नाचीसुद्धा कॅसेट अर्धीच निघाली होती.

तीन आठवडे माझं पडद्यावरचं विमान मुंबईहून उडायचं आणि सात हजार फुटांवर वेड्यासारखं वागायचं. त्याची ही हकीकत. घरी सिम्युलेटरवर मोठं विमान शिकायला बसलेल्या कुणाचे तीन आठवडे वाचले तर बरंच.

मुलगी पुण्याला गेल्यावर तिचा कॉम्प्युटर रिकामा पडला होता. त्यावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, आणि त्यात फ्लायबायवायर नावाच्या गटाने बनवलेलं एअरबसचं ए-३२० निओ. हे विमान मोफत आहे, पण फुकटचं म्हणून हलकं समजू नका. छतावरच्या पॅनलवरची बहुतेक बटणं खरोखर काम करतात, आणि चुकीचं बटण दाबलं तर त्याची शिक्षाही मिळते.

भाचा म्हणाला होता, "मामा, विमानाची इलेक्ट्रिकल सिस्टिम सगळ्यात किचकट. ती शेवटी घे." मी तीच पहिली घेतली आणि एका संध्याकाळी संपवली. फुशारकी वाटेल, पण आयुष्य बसबार (वीज वाटणाऱ्या पट्ट्या) आणि ब्रेकर बघण्यात गेलंय. दोन इंजिनांवर दोन जनरेटर, प्रत्येकी ९० केव्हीए, शेपटीतल्या एपीयूचा, म्हणजे छोट्या जादा इंजिनाचा, तेवढाच तिसरा. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. आपल्याकडे ५०. फ्रीक्वेन्सी वाढवली की ट्रान्सफॉर्मरचा आणि मोटरचा लोखंडी गाभा लहान होतो, वजन वाचतं. एसी बस १, एसी बस २, मध्ये त्यांना जोडणारा टाय, आणि एसी इसेन्शियल बस म्हणजे आपला हॉस्पिटलचा फीडर, काहीही झालं तरी चालू ठेवायची लाइन. मजा एका गोष्टीची वाटली: हे जनरेटर कधीच पॅरलल चालत नाहीत. एका बसला एका वेळी एकच सोर्स. आम्ही दोन ट्रान्सफॉर्मर पॅरललला घेताना दहा गोष्टी तपासतो, इथे तो प्रश्नच काढून टाकलाय. दोन्ही बस गेल्या तर विमानाच्या पोटातून छोटा पंखा बाहेर पडतो, वाऱ्यावर फिरतो, निळ्या हायड्रॉलिकला दाब देतो आणि त्या दाबावर ५ केव्हीएचा आपत्कालीन जनरेटर चालतो. हे वाचल्यावर मी उठून बायकोला सांगायला गेलो. तिने आमटी ढवळत "हं" केलं.

बाकीचं आलं तसं शिकलो. मधल्या संगणकाची पानं भरायचा क्रम डिफ्स्रिप या शब्दात बसवलेला आहे: डेटा, इनिट, फ्लाइट प्लॅन, सेकंडरी, रेडनॅव्ह, इनिट बी, पर्फ. देवळाच्या पायऱ्यांसारखा पाठ केला.

आता मूळ दुखणं.

एअरबसमध्ये थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाच्या जोराचा दांडा, हा स्कूटरचा अॅक्सिलरेटर नव्हे. त्याला ठरलेल्या खाचा असतात: आयडल, क्लाइम्ब (चढताना), फ्लेक्स (उड्डाणाला थोडा कमी जोर), टोगा (पूर्ण जोर). उड्डाण फ्लेक्सला किंवा टोगाला करायचं, साधारण दीड हजार फुटांवर समोरच्या पडद्यावर 'लिव्हर क्लाइम्ब' अशी अक्षरं लुकलुकतात, तेव्हा लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत ओढायचा आणि हात काढून घ्यायचा. तिथून पुढे ऑटोथ्रस्ट स्वतः इंजिन सांभाळतं, लिव्हर जागचा हलत नाही. उतरताना धावपट्टीवर येईपर्यंत त्याला शिवायचं नाही. म्हणजे तो सिलेक्टर स्विच आहे. खऱ्या विमानात ती खाच हाताला टक्कन लागते. माझ्या जॉयस्टिकच्या बुडाला एक प्लॅस्टिकचा स्लायडर, सुपारीएवढा, खाचबीच काही नाही.

मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवरून उडालो की खाली लगेच समुद्र. डावीकडे वळून कोकण किनाऱ्याने गोव्याला. मी अंदाजाने स्लायडर मागे घ्यायचो, अक्षरं जायची, मी खूश. मग सात हजार फुटांवर विमान सरळ झालं की वेग अडीचशे नॉट्सवर थांबायला हवा, तो थांबायचाच नाही. दोनशे ऐंशी, तीनशे वीस, साडेतीनशे, आणि मग ती सततची टिंग टिंग टिंग. दुसऱ्या दिवशी तेच सगळं केलं तर विमान गुणी बाळासारखं. तिसऱ्या दिवशी इंजिन घाटात अर्धा क्लच दाबून चालवलेल्या एसटीसारखं: आवाज वर, आवाज खाली, पुन्हा वर.

रोज एकसारखा बिघाड असता तर सापडला असता. हा कधी यायचा, कधी नाही. मी पर्फ पानावरची थ्रस्ट कमी करायची उंची बदलून पाहिली. कॉस्ट इंडेक्स (वेळ महाग की इंधन, ते ठरवणारा आकडा) बदलला, ज्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. इंधन कमी केलं. दोन रात्री लावून आख्खं सिम्युलेटर पुन्हा उतरवलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून ड्रायव्हर तीनदा टाकला. एका रात्री तर मी एअरबसच्या इंजिनियरांना मराठीत काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

शेवटी भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तू वरची ओळ वाचतोस का?"

"कुठली ओळ?"

"एफएमए रे. पडद्यावर सगळ्यात वर. पाच रकाने असतात."

मी आकाश बघत होतो, वेगाचा काटा बघत होतो, खाली रत्नागिरी कुठे दिसते ते शोधत होतो. ती ओळ मी तीन आठवडे एकदाही धड वाचली नव्हती. शेवटच्या रकान्यात ए-थ्रस्ट, म्हणजे ऑटोथ्रस्ट, लिहिलेलं असतं. निळं असेल तर ते नुसतं सज्ज आहे, पांढरं असेल तर कामाला लागलंय. माझं निळं-पांढरं-निळं-पांढरं होत होतं, आणि पहिल्या रकान्यात मधूनच 'मॅन थ्रस्ट' उमटत होतं. म्हणजे लिव्हर क्लाइम्बच्या वर गेलाय असं विमान समजत होतं आणि इंजिन माझ्या हवाली करत होतं. मी तर हात लावलेला नव्हता.

या विमानात फ्लायपॅड नावाचा टॅब्लेट आहे, त्यात सेटिंगमध्ये थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. तिथे प्रत्येक खाचेसाठी खालचा आकडा आणि वरचा आकडा ठरवता येतो. ते उघडलं, स्लायडर क्लाइम्बला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसता आकडा बघत बसलो. ०.४१. ०.४४. ०.४६. ०.४२. कुणी न शिवता आकडा नाचत होता. मी क्लाइम्बची जागा ठेवली होती ०.४२ ते ०.४४.

कॉन्टॅक्ट! स्लायडरची जागा मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या कार्बनच्या पट्टीवर आमच्या पावसाळ्याची ओल आणि धूळ बसलेली. तीस वर्षं मी ज्युनियर पोरांना सांगतोय, बिघाड येऊन-जाऊन असेल तर आधी कॉन्टॅक्ट बघ. स्वतःच्या टेबलावर मात्र कॉस्ट इंडेक्स बदलत बसलो होतो. ही गोष्ट सबस्टेशनवर कुणाला सांगितलेली नाही.

बुडाचे चार स्क्रू काढले, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, स्लायडर वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे. आकड्याची थरथर ०.०२ वर आली. मग क्लाइम्बची जागा रुंद केली, ०.३९ ते ०.४९, आणि शेजारच्या खाचांचे आकडे त्यात घुसणार नाहीत एवढं पाहिलं. तेव्हापासून विमान सात हजारांवर अडीचशेला थांबतं. पहिल्यांदा थांबलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी आठवल्या तशा सांगतो. बॅटरी चालू करण्याआधी व्होल्ट बघा, साडेपंचवीसच्या खाली असतील तर बाहेरची वीज जोडून वीस मिनिटं चार्ज होऊ द्या. तिन्ही एडीआयआरएसची (विमानाची जागा आणि दिशा सांगणारी यंत्रणा) बटणं नॅव्हवर टाकली की दिशा जुळायला वेळ लागतो, तेवढ्यात विमान हलवू नका. सेटिंगमध्ये हे झटपट करता येतं, पण मी खरा वेळ ठेवलाय, चहा होतो. दुसरं इंजिन सुरू करताना पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येईल. तो पीटीयू, हिरव्या आणि पिवळ्या हायड्रॉलिकमधला दुवा. आमच्या शेजाऱ्यांनी दोनदा खिडकीतून "हाड" केलं. खालच्या उंचीवर उतरायला विमान आपणहून सुरुवात करत नाही, नवी उंची लावून बटण दाबावं किंवा ओढावं लागतं. बटण आत दाबलं तर संगणकाची मर्जी, बाहेर ओढलं तर तुमची. आणि वरची ओळ मोठ्याने वाचा. घरच्यांना सवय होते.

खाच मात्र मला हाताला लागायला हवी होती. म्हणून स्लायडरच्या फटीच्या कडेला क्लाइम्बच्या जागी एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा केला. वर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. चढताना झकास, टक्कन बसतो. उतरताना पंचाईत. गोव्यात दाबोळीला धावपट्टीवर वीस फूट राहिले की विमान "रिटार्ड, रिटार्ड" असं ओरडतं, म्हणजे लिव्हर आयडलला आण. माझा अंगठा नेमका त्या उंचवट्यावर अडतो, विमान ओरडतच राहतं, आणि धावपट्टी पायाखालून निघून जाते.

परवा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ते सारखं रिटायर्ड रिटायर्ड काय करतंय? अजून आठ महिने आहेत ना तुमचे?"