त्रेपन्नावा कोण?

ऑगस्ट लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. कॅलिफोर्नियात राहून मी अमेरिकन फुटबॉल बघते, इथपर्यंत घरच्यांना मान्य आहे. पण मोसम सुरू व्हायच्या आधीच मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सच्या ५३ जणांच्या पूर्ण संघाची नावं लिहून काढते आणि त्यातली बहुतेक बरोबर निघतात, हे कळल्यावर पुण्याच्या आत्येभावापासून इथल्या मंडळातल्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात: तुला हे आधी कळतं कसं? आत कोणी ओळखीचं आहे का? आत्येभाऊ तर सरळ म्हणतो, कुंडल्या मागवतेस का खेळाडूंच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओळखीचं कोणी नाही. आणि बहुतेक नावं बरोबर निघणं यात फारसं काही नाहीच.

आधी मामला काय ते थोडक्यात. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ संघ आहेत. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात दुपारचे चार, म्हणजे आमच्याकडे दुपारचा एक वाजायच्या आत हा आकडा ५३ वर आणावा लागतो. पूर्वी ही कापणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३पासून पुन्हा एकाच झटक्यात होते. प्रत्येक संघातून ३७ म्हणजे सगळे मिळून हजारावर माणसांचं काम एक-दोन दिवसांत जातं. आपल्याला क्रिकेटची सवय. तिथे निवड समिती देशभरातून पंधरा जण उचलते आणि आपण ‘अमक्याला का घेतलं नाही’ म्हणून भांडतो. इथे सगळे आधीच आत असतात. कोणाला बाहेर काढायचं एवढंच ठरायचं असतं.

आता त्या ५३ मधली पंचेचाळीसेक नावं जूनमध्येच ठरलेली असतात. ज्याला कोट्यवधी डॉलरचा करार दिलाय, तो राहणार. यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेतलेला पोरगा राहणार. मग चेंडू लाथाडायच्या कामाचे तिघे: किकर एक, पंटर एक, लाँग स्नॅपर एक. तिथे स्पर्धाच क्वचित असते. म्हणून कोणी छाती फुगवून ‘माझी ५३ पैकी ४८ बरोबर आली’ म्हणालं की मला हसू येतं. संघाच्या संकेतस्थळावरची यादी नीट वाचणाऱ्या कोणालाही चव्वेचाळीस जमतात. खरी परीक्षा शेवटच्या आठ जागांची, आणि गुण मोजायचे तर तेवढ्याच आठांवर मोजावेत. चार जमली तरी मी खूश असते.

या आठ जागा भरताना बहुतेक लोक विचारतात, चांगला कोण खेळतो? मी हा प्रश्न शेवटी ठेवते. आधी बघते ते हे, की संघाला कोण हातचा जायची भीती वाटते.

ही भीती येते वेव्हरच्या नियमातून. ज्याची लीगमध्ये चार वर्षं भरलेली नाहीत अशा खेळाडूला काढलं की तो लगेच मोकळा होत नाही. चोवीस तासांच्या आत बाकीच्या ३१ संघांपैकी कोणीही त्याच्यावर हक्क सांगू शकतो. दोघांनी सांगितला तर आदल्या मोसमात जो जास्त हरला त्याचा मान आधी. कोणीच सांगितला नाही, तर जुना संघ त्याला आपल्या प्रॅक्टिस स्क्वाडवर परत बोलावू शकतो. हे सोळा जण संघाबरोबर सराव करतात, पण ५३ मध्ये मोजले जात नाहीत. चार वर्षं पूर्ण केलेल्या जुन्या खेळाडूला मात्र हे वेव्हर लागत नाही. त्याला काढलं की तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो. किंवा दुसऱ्या दिवशी गुपचूप परतही येऊ शकतो.

म्हणजे शेवटच्या जागेसाठी दोघे उभे असतील, एक थोडा बरा खेळणारा पस्तिशीतला आणि एक अजून कच्चा पण तिशीच्या बराच अलीकडचा, तर बरा खेळणाराच बाहेर जायची शक्यता जास्त. तो परत येऊ शकतो. कच्चा गेला तर गेला.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आमच्याच दारात घडलं. २०२२च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू फोर्टी नाइनर्सनी घेतला: ब्रॉक पर्डी, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा. शेवटच्या खेळाडूला तिथे गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. संघाचा पहिला क्वार्टरबॅक ठरला होता ट्रे लान्स. त्याच्यामागे नेट सडफेल्ड, अनुभवी, हमीचे पैसे मान्य करून आणलेला. पर्डी तिसरा. आधीचा क्वार्टरबॅक जिमी गरोपलो याला विकून टाकायच्या खटपटीत संघ होता. सरळ हिशेब असा होता की पर्डी प्रॅक्टिस स्क्वाडवर जाईल. पण कापणीच्या आदल्या दिवशी गरोपलोने कमी पैशांत राहायचं कबूल केलं. आता चौघे झाले. संघाने काढलं कोणाला? सडफेल्डला, ज्याला पैसे तर द्यावेच लागणार होते. कारण पर्डीला वेव्हरवर टाकलं असतं तर कोणीतरी उचलला असता. निदान उचलेल अशी भीती होती, आणि भीती पुरते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण न सांगता राहवत नाही. दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरमध्ये गरोपलोचं पाऊल मोडलं. पर्डी मैदानात आला आणि संघाला कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथे फिलाडेल्फियात त्याचाही कोपर गेला, चौथा क्वार्टरबॅकही जायबंदी झाला आणि चेंडू फेकायला धड माणूसच उरला नाही. त्यानंतर २०२३मध्ये लीगने आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम आणला: तेव्हा तो ५३ मध्ये असेल तर, सामन्याच्या दिवशी किती जण तयार ठेवायचे या मर्यादेत न मोजता, तयार ठेवता यायचा. त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरबॅकला जागा देणं संघांना थोडं स्वस्त पडायला लागलं. बघा, एका तिसऱ्या माणसाच्या जागेवरून किती रामायण! फेब्रुवारी २०२४मध्ये हाच पर्डी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळत होता.

त्याच्याही आधीचं उदाहरण हवं तर टॉम ब्रेडी. २००० साली १९९व्या क्रमांकावर घेतलेला. त्या वर्षी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी चक्क चार क्वार्टरबॅक ठेवले आणि चौथा तो. त्या सालच्या ऑगस्टमध्ये चार क्वार्टरबॅक असलेली यादी कोणी मांडली असती तर त्याला वेड्यात काढलं असतं.

अर्थात ही भीती बऱ्याचदा फुगलेली असते. उचललेल्या खेळाडूला नव्या संघाने आपल्या ५३ मध्येच ठेवावं लागतं, म्हणजे त्यासाठी आपला कोणीतरी काढावा लागतो. म्हणून हजारावर माणसं बाहेर पडतात त्यातली पन्नासही उचलली जात नाहीत. प्रशिक्षकांना हे ठाऊक असतं. तरी ते घाबरतात, आणि मी त्यांच्या घाबरण्यावर यादी बांधते.

दुसरी गोष्ट स्पेशल टीम्स. हा भाग टीव्हीवर लोक चहा टाकायला उठतात तेव्हाचा: किकऑफ, पंट, त्यामागे धावत जाऊन पाडापाडी. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी ४८ जणच कपडे घालून तयार असतात, तेही त्यात आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन (आक्रमणाच्या पुढच्या फळीतले) असतील तरच, नाहीतर ४७. मग चेंडू घेऊन धावणाऱ्या चौथ्या रनिंग बॅकने त्या दिवशी करायचं काय? किकऑफला धावून कोणाला पाडत असेल तर तो उपयोगाचा, नाहीतर नुसता बाकावर. सहावा रिसीव्हर, पाचवा लाइनबॅकर, चौथा सेफ्टी यांच्या जागा इथेच ठरतात. म्हणून सराव सामने बघताना माझं लक्ष टचडाऊनवर नसतं. पहिल्या किकऑफला मैदानावर कोण आहे आणि चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या भागात, कोण अजून घाम गाळतोय, ते मी लिहून ठेवते. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाऊन करणाऱ्यावर मंडळी जीव टाकतात. पण भरवशाचे खेळाडू तेव्हा बाहेर बसलेले असतात, त्यामुळे तो चौथ्या क्वार्टरमध्ये खेळतोय, हीच त्याच्याबद्दलची वाईट बातमी असते. उलट शेवटच्या सराव सामन्यात काठावरचा एखादा पोरगा टोपी घालून कडेला उभा असला, दुखापत नसताना, तर समजावं, त्याची जागा पक्की झाली.

२०२२मध्ये जॉर्डन मेसन असाच दिसला होता. कोणी ड्राफ्टही केलेला नव्हता. रनिंग बॅकची गर्दी होती, त्यात आदल्या वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलेला ट्रे सर्मन होता. ३० ऑगस्टला यादी आली, त्यात दोघेही होते. त्या दिवशी हरतालिका होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी, गणपती बसले त्या दिवशी, सर्मनला काढलं आणि फिलाडेल्फियाने त्याला उचललं. मेसन राहिला. पहिल्या वर्षी त्याचं काम मुख्यतः स्पेशल टीम्सवर होतं. २०२४च्या मोसमात पहिल्याच सामन्यात मुख्य रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकाफ्री खेळू शकला नाही, तेव्हा याच मेसनने जेट्सविरुद्ध १४७ यार्ड काढले.

सर्मनच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कापणीच्या दिवशी जाहीर होते ती यादी खरी नसते. ती एका दिवसाची असते. काही वर्षं तर नियमच असा होता की दुखापतग्रस्त खेळाडूला मोसमात परत आणायचा असेल तर आधी त्याला एक दिवस ५३ मध्ये ठेवायचं आणि मग जखमींच्या यादीत टाकायचं. त्यामुळे संघ एखाद्या भरवशाच्या जुन्या खेळाडूला कानात सांगून काढायचे, जखमी माणसाला चोवीस तास जागा द्यायचे, आणि मग जुना परत. २०२४पासून दोन खेळाडूंना कापणीच्याच दिवशी परतीच्या शिक्क्यासह जखमींच्या यादीत टाकता येतं, म्हणून हे नाटक कमी झालं, संपलं नाही. माझी यादी करताना मी नेहमी ठरवून घेते, मी मंगळवारची, म्हणजे कापणीच्या दिवसाची, करतेय की गुरुवारची. ‘यादी चुकली’ म्हणणारे निम्मे लोक मंगळवारच्या यादीवर गुरुवारचे गुण देत असतात.

तिसरी गोष्ट, ड्राफ्टच्या फेरीचा दबदबा. पहिल्या वर्षी तिसऱ्या फेरीचा खेळाडू कितीही अडखळला तरी त्याला काढणं म्हणजे व्यवस्थापकाने आपली निवड फसली हे जाहीर करणं, म्हणून तो राहतो. दुसऱ्या वर्षी हे कवच पातळ होतं. सर्मनचं तेच झालं. टाइट एंड कॅमेरॉन लाटू २०२३ला तिसऱ्या फेरीत आला, पहिलं वर्ष जखमींच्या यादीत गेलं आणि २०२४च्या कापणीत तो बाहेर पडला. आणि कवच कितीही जाड असो, व्यवहार झाला की सगळंच बदलतं. ज्या लान्ससाठी संघाने पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या होत्या, त्याला ऑगस्ट २०२३च्या शेवटच्या आठवड्यात चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन टाकलं. आदल्या रात्री केलेली यादी सकाळी शिळी.

शिवाय संघ कोणता, हे विसरून चालत नाही. बरेच संघ फुलबॅक, म्हणजे पुढे घुसून रनिंग बॅकला वाट करून देणारा, ठेवतच नाहीत. आमचे मुख्य प्रशिक्षक काइल शॅनहॅन यांना तो लागतो, म्हणून काइल युस्चेकची एक जागा आम्ही आधीच बाजूला काढतो आणि मग कुठेतरी एक रिसीव्हर किंवा टाइट एंड कमी पडतो. दुसऱ्या संघाचा साचा आणून इथे बसवणाऱ्यांची गणितं इथेच बिघडतात.

मंडळातल्या एका काकूंनी मात्र वेगळं विचारलं होतं: अगं, पण ज्यांना काढतात त्यांचं काय होतं? संघाचा एक माणूस असतो, त्याला खेळाडू ‘टर्क’ म्हणतात. तो येऊन सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. ते ऐकलं की पोराला कळतं. पैशाचा फरकही लहान नाही. २०२४मध्ये ५३ मधल्या नवख्याचा किमान पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता, म्हणजे अठरा आठवड्यांवर वाटला तर आठवड्याला ४४ हजाराच्या आसपास. प्रॅक्टिस स्क्वाडवरच्या नवख्याला आठवड्याचे साडेबारा हजार, आणि तेही पुढच्या आठवड्यात असतीलच असं नाही. हे कळल्यापासून नावावर काट मारताना हात जरा सावकाश चालतो. पण मारावी लागते. ५४ नावांची यादी कोणीच मान्य करत नाही.

म्हणून यंदाची नावं हवी असतील तर मला जूनमध्ये विचारू नका. तेव्हा मी सांगेन ती तुम्हालाही येतील. शेवटचा सराव सामना झाल्यावर विचारा. आणि खरंच उत्सुकता असेल तर कापणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर विचारा, तेव्हा आमच्याकडे वेव्हरची मुदत संपते. त्यानंतर प्रॅक्टिस स्क्वाडचे सोळा ठरतात. त्यांचीही यादी मी करते. ती ५३ पेक्षा कितीतरी अवघड असते, कारण तिच्यात ३१ परक्या संघांनी टाकलेली माणसंही येतात. ती यादी आजवर कोणी मागितलेली नाही.