मीच पाडलेलं भगदाड

सकाळी संगणकावर रात्रभर चाललेल्या रनचा, म्हणजे अणूंच्या सिम्युलेशनचा, आलेख उघडला. दोन लिथियम अणूंमधलं अंतर दाखवणारा. तर 2.7 अँगस्ट्रॉमपाशी (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) सुईसारखं टोक. लिथियमच्या दोन अणूंची जोडी जमली की त्यांच्यात साधारण एवढंच अंतर उरतं. घन हायड्रोजनात वेगवेगळे बसवलेले माझे दोन्ही अणू रात्रीत एकमेकांना चिकटले होते.

या कामात याहून वाईट बातमी नाही. सुटे अणू गोठलेल्या हायड्रोजनात अडकवून ठेवायचे, म्हणजे त्यांची ऊर्जा रॉकेटच्या इंजिनात मोकळी करता येईल, यासाठीच तर सगळा खटाटोप. लिथियमची एक जोडी जमताना सुमारे 1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतो. शंभरेक हायड्रोजन रेणूंची वाफ करायला तेवढा पुरे. माझ्या सिम्युलेशनच्या पेटीत हायड्रोजन रेणूंची जाळी होती 180 जागांची. पण गणितात तापमान 4 केल्विनला (उणे 269 अंश सेल्सिअसला) बांधलेलं, त्यामुळे ती ऊर्जा मुकाट गिळली गेली. स्फोट आलेखात दिसतच नाही.

पहिला संशय मण्यांवर. पाथ इंटिग्रल या क्वांटम गणिताच्या पद्धतीत प्रत्येक रेणू म्हणजे मण्यांची एक बंद माळ. रेणू शून्य केल्विनलाही स्थिर नसतो, ते थरथरणं या माळेच्या फैलावात उतरतं. हायड्रोजनमध्ये हा फैलाव शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ 18 टक्के. मणी कमी पडले तर रेणू खोटा ताठ होतो. 20 चे 40 केले, मग 80. दुपार गेली. टोक जागच्या जागी.

मग वैतागून सुरुवातीची रचनाच पडद्यावर फिरवून पाहिली. लिथियम हायड्रोजनच्या एका जागेत मावत नाही, म्हणून प्रत्येक अणूभोवतीचे तीन-तीन रेणू मीच काढले होते. दोन्ही पोकळ्या एका बाजूने एकमेकींना भिडलेल्या! मध्ये भिंतच नव्हती. अणूंनी जाळी ओलांडली नव्हती, मी त्यांना दार उघडून दिलं होतं.

अणू लांब बसवून रन पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी टोक नव्हतं. सहकाऱ्याला आलेख दाखवला. तो खूश झाला आणि म्हणाला, "मग असे किती वेळ टिकतील?"

माझा रन मोंटे कार्लो पद्धतीचा, म्हणजे अणू-रेणू यदृच्छेने हलवून पाहणारा. त्याच्या पायऱ्यांना घड्याळ नसतं. मी डायनॅमिक्सचा, म्हणजे काळागणिक हालचाल मोजणारा, कोड शोधायला बसलो.