तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लं कुठे नेऊन सोडू?

घोडबंदर रोडच्या टॉवरमधून असो, कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या जुन्या इमारतीतून असो की नौपाड्यातून, प्रश्न एकच येतो: "पार्किंगमधल्या मांजरीने परत पिल्लं घातली. वर्षातली तिसरी वेळ. ही पिल्लं कुठे नेऊन सोडू?"

कुठेही नेऊ नका. ती अंगावर पीत आहेत तोवर तर मुळीच नाही. यात दया आहेच, पण साधा हिशेबही आहे. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते. पिल्लं पीत असतानाही ती माजावर येऊ शकते, पण पिल्लं एकाएकी नाहीशी झाली तर आठवड्या-दोन आठवड्यांतच येते. वॉचमनने पिल्लं खोक्यात भरून खाडीकडे सोडली की ती तिकडे उपाशी मरतात आणि इकडे आई पुढच्या विताला लागते. पिल्लं उचलणाऱ्या सोसायटीत मांजर उलट जास्त वेळा विते.

मोठ्या मांजरांना दूर सोडूनही उपयोग नाही. खाणं आणि आडोसा तिथेच राहतो, मग शेजारच्या आवारातली मांजरं ती जागा धरतात, आणि नवी भाटी (मादी मांजर) आली की परत पहिल्यापासून सगळं. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आखूड झाले की मांजरींचा माज काही महिने थांबतो. आपल्याकडे सगळ्यात आखूड दिवसही अकरा तासांचा असतो, त्यामुळे तेवढी उसंत मिळत नाही. एका विताला तीन ते पाच पिल्लं. त्यांतल्या माद्या चार-पाच महिन्यांत माजावर येतात, म्हणजे गणपतीत जन्मलेली भाटी शिमग्याला स्वतः गाभण असू शकते.

तेव्हा नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी पकडायची ती आई. आणि एकटी आई नाही, आवारातली प्रत्येक भाटी, शक्यतो एक-दोन महिन्यांच्या आत. सहापैकी चार करून थांबलात तर उरलेल्या दोघी वर्षभरात ती जागा भरून काढतात. मेहनत वाया जाते ती बहुतेक इथेच.

आधी मोजणी करा. आठवडाभर रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा आणि अर्ध्या तासाने भांडी उचला. ठरलेल्या वेळेला मांजरं समोर येतात, उरलेल्या खाण्यावर उंदीर-झुरळं होत नाहीत आणि कमिटीची निम्मी तक्रार मिटते. प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. काळा-पांढरा-केशरी असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर तिची शस्त्रक्रिया झालेली आहे. ही खूण भूल उतरायच्या आत करतात, आणि तीच मांजर दुसऱ्यांदा टेबलावर जाऊ नये म्हणून ती आग्रहाने मागून घ्या.

मग पोट पाहा. पाजणारी मांजर ओळखायला तिला हात लावावा लागत नाही. ती कठड्यावर ताणून अंग देते तेव्हा खालून बघा: सडांभोवतालचे केस झिजून गोल टक्कल पडलेलं असतं, कडेचे केस ओले होऊन चिकटलेले असतात. सड नुसते गुलाबी आणि फुगीर, पण भोवतालचे केस जागच्या जागी, तर ती बहुधा गाभण आहे. गाभण मांजरीचीही शस्त्रक्रिया होते, पण ते डॉक्टरांना आधी सांगा. पाजणारीला घाई करू नका. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं चालू लागतात, चौथ्यापासून आईच्या ताटात तोंड घालतात. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की आईला न्यावं. ती पुन्हा माजावर आलेली दिसली आणि पिल्लं स्वतःचं स्वतः खात असतील, तर पाच-सहा आठवड्यांवरही नेता येतं. तेव्हा पोटाऐवजी कुशीवर छेद घ्यायला सांगा, म्हणजे सुजलेल्या सडांच्या मध्ये टाके येत नाहीत. शस्त्रक्रियेने दूध आटत नाही.

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आणि ती एकेक करूनच नेते. तुम्हाला दिसलेलं पिल्लू कदाचित तिसऱ्या फेरीची वाट बघत असेल. लांब उभं राहून काही तास पाहा. ती खरंच आली नाही तर आधी ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढासा जीव एका दिवसात सुकतो. मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणा आणि पालथं धरून पाजा, उताणं कधीच नाही. दूध फुप्फुसात जातं.

आता पिंजरा. दार आपोआप पडणारा, साधारण अडीच फूट लांबीचा जाळीचा पिंजरा लागतो, तो प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून उसना मिळतो. आधी डॉक्टरांची वेळ पक्की करा, पकडणं नंतर. शनिवारी संध्याकाळी पकडून रविवारी दवाखाना बंद सापडला तर त्या जनावराचे विनाकारण हाल. तीन-चार दिवस दार वर बांधून पिंजऱ्यातच खायला द्या. पकडायच्या दिवशी सकाळपासून आवारात कुणीच काही टाकायचं नाही, आणि हे पहिल्या मजल्यावरच्या आजींनाही सांगून ठेवायचं. तळाला वर्तमानपत्र अंथरा, पायाला जाळी लागली की मांजर मागे फिरते. पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला भाजलेला सुका बोंबील ठेवा. कोरड्या खाण्यापेक्षा त्याचा वास लांब जातो. दाराशी चिमूटभरच चुरा. जास्त टाकलात तर दारातच पोट भरून ती निघून जाते.

दार पडलं की ती जाळीवर धडका देईल, नाक सोलून घेईल. त्याच क्षणी जुनी चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की मिनिटभरात आवाज थांबतो. दया येऊन दार किलकिलं करू नका आणि जाळीतून बोट घालू नका. चावली किंवा ओरखडली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी महापालिकेच्या रुग्णालयात जा. लावलेला पिंजरा सोडून घरी चहाला जाऊ नका. कुत्री येतात, ऊन येतं.

संध्याकाळी पकडून सकाळी शस्त्रक्रिया, हे सगळ्यात सोयीचं. मोठ्या मांजरीचं पोट आठ ते बारा तास रिकामं हवं, नाहीतर भुलेत उलटी होऊन श्वासनलिकेत जाते. पिल्लांना इतका उपास चालत नाही. रिकाम्या पिंजऱ्याचं वजन आधीच करून ठेवा, म्हणजे मांजरीचं वजन वजाबाकीने निघतं. भुलेचं औषध वजनावर ठरतं आणि बिथरलेल्या मांजरीला काट्यावर कुणी बसवू शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक रात्र, मादीला दोन-तीन दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवा. पाजणाऱ्या आईला मात्र पिल्लं लहान असतील तर पूर्ण शुद्धीवर आली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडावं लागतं. भुलेने अंग गार पडतं, पंखा नको, खाली गोणपाट घाला. नीट उभी राहिल्यावर दोन चमचे खाणं, पोटभर दुसऱ्या दिवशी. हिरड्या पांढऱ्या पडल्या, टाक्यांतून रक्त झिरपतंय, चोवीस तास खाल्लं नाही, तर लगेच डॉक्टर. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजर त्याने मरते. पावसाळ्यात एखाद-दोन दिवस जास्तच ठेवा, ओल्यात टाके चिघळतात. सोडायची ती पकडली तिथेच, पिंजऱ्याचं तोंड झाडांकडे, रस्त्याकडे नाही. एक मांजर झाली की पिंजरा ब्लीचच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पिल्लांना पटापट मारणारा पॅनल्युकोपेनियाचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही, महिनोन् महिने टिकतो.

"शस्त्रक्रियेऐवजी माज थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या तर?" हेही बरेच जण विचारतात. देऊ नका. त्या संप्रेरकांनी गर्भाशयात पू होतो, सडांत गाठी होतात, आणि रस्त्यावरच्या मांजरीच्या पोटातला पू कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बोक्यांची नसबंदी जरूर करा, मारामाऱ्या आणि जिन्यातला उग्र वास कमी होतो. पण पैसे मोजकेच असतील तर आधी भाट्या. एक बोका सुटला तरी तो सगळ्यांना पुरतो. आणि नसबंदीनंतरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, तेवढ्यावरून डॉक्टरांना दोष देऊ नका.

कमिटी अडली तर भांडण्याआधी फोटोंची यादी आणि तारखा दाखवा. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये आवारातल्या प्राण्यांना खायला घालायची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर टाकली आहे. विष घालणं किंवा ठार मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

सगळ्या झाल्या तरी ती यादी फेकू नका. खायला घालताना रोज डावे कान बघत जा. अख्ख्या कानाचं नवं मांजर भिंतीवरून उतरलेलं दिसलं की त्याच आठवड्यात पिंजरा मागवा, तिचं पोट दिसायच्या आत.