पुष्पकच्या पंखावरची दातेरी पट्टी

गेल्या हिवाळ्यात केलेल्या पुष्पक विमानाच्या एका मॉडेलबद्दल लिहायचंय. विमान देऊन झालं, पैसेही मिळाले, पण त्याच्या पंखात काय झालं ते मला अजून नीट उलगडलेलं नाही, आणि दुसरं कुठलंही विमान टेबलावर घेतलं की डोकं तिकडेच जातं.

नाशिकला माझं छोटं वर्कशॉप आहे. फोमची रिमोटवर उडणारी विमानं बनवतो. बरंचसं काम शाळांचं, आणि शाळांचं म्हणणं असं की दोन तासात वर्गभर मुलांकडून विमान "बनवून" घ्या, म्हणजे मुलांनी स्टिकर चिकटवायचे आणि फोटो काढायचे. सर्व्हो (विमानाच्या फळ्या हलवणारी छोटी मोटर) उलटा फिरला तर काय होतं हे पोराला स्वतःच्या हाताने कळलं नाही तर त्या वर्कशॉपचा काय उपयोग, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी वेळ तेवढाच मिळतो. असो. अधूनमधून कुणीतरी खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती मागतं, ते काम मी मनापासून करतो.

तर एका ताईंचा फोन आला. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, ते तरुणपणी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये कामाला होते, त्यांना पुष्पक द्यायचंय, आणि ते उडणारं हवं. पुष्पक म्हणजे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं दोन सीटचं विमान, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कितीतरी जण त्याच्यावर शिकले. वरच्या बाजूला पंख, त्याला खालून तिरके दांडे, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि अंगावर कापड. पत्रा नाही, कापड. हे कापडाचं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

पंखांचा पसारा खऱ्या विमानाचा ३६ फूट, मी एकास दहा केलं, म्हणजे जवळपास ११० सेंटीमीटर, आणि पंखाची रुंदी पंधरा सेंटीमीटरच्या आसपास. ५ मिलिमीटरचं बायोफोम वापरलं. डेप्रॉन नावाचं फोम मिळालं असतं तर तेच घेतलं असतं पण इथे ते मिळवायचं म्हणजे भाव ऐकूनच परत यायचं. पंखाची वरची शीट आतून रेघा पाडून, हेअर ड्रायरने कोमट करत पीव्हीसी पाइपवर वळवायची, घाई केली की चुरगळते आणि ती सुरकुती नंतर कशानेच जात नाही. आत कार्बनची पोकळ नळी. चिकटवायला काय वापरायचं हे तर मी वर्कशॉपला आलेल्या प्रत्येकाला सांगून थकलो, साधं फेविक्विक फोमवर टाकलं की भोक पडतं, फेव्हिबॉन्ड फोम खातं, फेव्हिकॉल दोन फोमच्या मध्ये कोंडलं गेलं की हवा लागत नाही म्हणून दिवसेंदिवस ओलंच राहतं, आणि ग्लू गनचा गोंद पटकन धरतो पण जड. जिथे जोर येतो तिथे पाच मिनिटांचं इपॉक्सी, तेही टूथपिकने, आणि बाकी ठिकाणी फोमला चालणारा गोंद पातळ लावून दोन्ही बाजू जरा सुकू देऊन मग दाबायचं.

फोमचं विमान बांधताना बिघडत नाही तेवढं फिनिशिंगला बिघडतं. लोक स्प्रेचा डबा आणतात, एक तर फोम विरघळतो, नाही विरघळला तर थरावर थर देत बसतात आणि चांगलं उडणारं विमान वीट होतं. भिंतीची पुट्टी लावणारेही पाहिलेत. मी आधी २२० चा मग ४०० चा नवा कोरा पॉलिश पेपर घेतो, ठोकळ्याला गुंडाळून, एकाच दिशेने, जुना पेपर फोमचे दाणे उपटतो. मग टिश्यू पेपर, पाण्यावरच्या पॉलियुरेथेन वार्निशने बसवलेला, ब्रश मधून बाहेरच्या दिशेला न्यायचा आणि कागद ओला असताना ओढायचा नाही. सुकला की परत हलका हात. मग रंग, पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक, एअरब्रशने, आणि प्रत्येक हातानंतर विमान वजनकाट्यावर. काट्याशिवाय जो फिनिशिंग करतो त्याला मी या धंद्यातला धरत नाही. हे पुष्पक बॅटरीसकट ४३८ ग्रॅम भरलं, ठरवलं होतं ४५०. रुपेरी अंग, निळा पट्टा, पंखावर भारतीय विमानांच्या नोंदणीची, व्हीटीने सुरू होणारी अक्षरं, आणि पंख इतका गुळगुळीत की ट्यूबलाइट त्यात सरळ रेघ दिसत होती. मला त्या पंखाचा अभिमान होता, आजही आहे.

उडवायला आम्ही सिन्नरच्या बाजूला एका माळावर जातो. नाशिकमध्ये एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे देवळालीचा तोफखाना, त्यामुळे सरकारच्या ड्रोन नकाशात हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, भाग बघूनच जागा धरावी लागते. पहाटे गेलो, वारा नव्हता. सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे बसतो ती जागा, पंखाच्या पुढच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर, तपासून घेतलेला. हातातून सोडलं, सरळ वर गेलं, ट्रिमही फार लागले नाहीत. वर उंचावर नेऊन थ्रॉटल बंद केलं आणि नाक वर नेणारा एलिव्हेटर हळूहळू ओढत गेलो, स्टॉल (नाक फार वर जाऊन पंखाची उचल सुटणं) कसा होतो बघायला, हे मी प्रत्येक नव्या विमानाला करतोच. वेग कमी कमी होत गेला आणि एकदम, काही इशारा न देता, डावा पंख खाली. पुन्हा वर नेलं, पुन्हा तेच, या खेपेला उजवा. उतरताना मी वेग जरा जास्तच ठेवला आणि नीट उतरवलं, पण हे विमान कुणा नवशिक्याच्या हातात द्यायचं नाही हे मनात पक्कं झालं. पंखाच्या टोकांना दोन अंशाचा वॉशआउट दिलेला होता, म्हणजे टोकं आधी पडू नयेत म्हणून त्यांची पुढची कड थोडी खाली वळवलेली, तरी ही तऱ्हा. छोट्या विमानांचं असंच असतं म्हणून मी सोडून दिलं, पट्टीचा उडवणारा असेल तर सांभाळतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विमान घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांना आधी दाखवायचं, काही कमीजास्त असेल तर बघू, असं ताईंचं म्हणणं. काका खुर्चीतच बसले होते, उठताना त्रास होतो, पण हात अजून कामकऱ्याचे. विमान मांडीवर घेतलं, शेपूट बघितलं, रडर हलवून बघितला, आणि मग पंखावरून तळहात फिरवला. एकदा, मग परत उलट बाजूने.

"हे कापड नाही," म्हणाले. "याला बरगड्याच नाहीत. हे सनमायका आहे."

ताई म्हणाल्या, अहो बाबा, किती छान चकाकतंय. काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, बस इथे, आणि मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत. खऱ्या पंखावर कापड कसं चढवतात ते सगळं सांगितलं. कापड पंखाच्या सांगाड्यातल्या बरगड्यांना मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, मग त्या टाक्यांवर पट्टी, आणि सगळ्यावर डोप नावाचं वार्निशसारखं लेपन. डोप सुकताना कापडाला ताणतो, ढोलासारखा आवाज यायला हवा. रुपेरी रंग शोभेचा नव्हे, त्या थरात अॅल्युमिनियमची पूड असते, उन्हाने कापड कुजू नये म्हणून. पावसाळ्यात डोप लावला तर हवेतल्या ओलाव्याने पांढरा पडतो, मग परत पहिल्यापासून. "इन्स्पेक्टर यायचा तेव्हा तो रंग बघत नसे, पट्ट्या बघायचा," म्हणाले. आजकाल यूट्यूबवर लोक "स्केल डिटेल" म्हणून पत्रा जोडायच्या रिव्हेटचे ठिपके काढत बसतात, कापडाच्या विमानावरसुद्धा, त्यांना काकांसमोर बसवायला हवं.

मग म्हणाले, लावू पट्ट्या. मी म्हटलं काका वजन वाढेल, उद्या कार्यक्रम आहे. म्हणाले, किती वाढेल ते तुझ्या काट्यावर बघ, आणि औषधांच्या डब्यातून मायक्रोपोर काढलं. तो जखमेवर लावायचा कागदी टेप. खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते कधीच आलं नसतं. हलका आहे, पोत कापडासारखा, रंग धरतो, फोमला काही करत नाही. ताईंची झिगझॅग कात्री होती, शिवणाच्या कपड्याच्या कडा कापायची, काकांनी त्या कात्रीने टेपच्या बारीक पट्ट्या कापायला लावल्या, दोन्ही कडा दातेरी. मी विचारलं दातेरी का, तर म्हणाले सरळ कापलं की कडेचा धागा उसवतो आणि तिथून पट्टी उचलते. एवढंच. बरगड्यांच्या जागा त्यांनी पेन्सिलने पंखावर मारल्या, मोजपट्टी न घेता, मी नंतर मोजल्या तर अंतरं सारखी. पुढून मागे बरगड्यांवरच्या पट्ट्या, आणि शेवटी पंखाच्या पुढच्या कडेवरून टोकापासून टोकापर्यंत एक लांब पट्टी, अर्धी वर अर्धी खाली दुमडून. वरच्या बाजूला तिची दातेरी कड पुढच्या कडेपासून सात-आठ मिलिमीटर मागे येत होती. घरी येऊन रात्री रुपेरी रंगाचे दोन हात दिले, अक्षरं परत काढली. काट्यावर ४५२.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी, उजाडता उजाडता ताईंनी काकांना गाडीतून माळावर आणलं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं की जड झालंय, उतरताना वेगात येईल. वर नेलं, थ्रॉटल बंद, एलिव्हेटर ओढत गेलो. आणि पंख पडेना. नाक वर, विमान जवळपास थांबल्यासारखं, मग नाक जरासं खाली, वेग घेतला, परत वर. पंख सरळ. मी तीच गोष्ट डावीकडे वळताना केली, उजवीकडे केली, मुद्दाम दांडगाईने केली. काही नाही. चौदा ग्रॅम जास्त घेऊन विमान जास्त सभ्य वागत होतं. उतरवलं तेव्हा गवतावर चालत्या माणसाच्या वेगाने टेकलं. काका म्हणाले, "पुष्पक असंच बसतं," आणि ताईंना म्हणाले चल, गुरुजी येतील.

आता माझा प्रश्न. छोट्या पंखावर हवा वेगळी वागते हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. पंखाची रुंदी आणि वेग यांवरून रेनॉल्ड्स नंबर नावाचा एक आकडा निघतो, खऱ्या पुष्पकचा ३०-३५ लाखांच्या घरात, माझ्या मॉडेलचा जेमतेम ८० हजार. एवढ्या कमीवर पंखाच्या वरून जाणारी हवा गुळगुळीत थरात वाहते आणि त्या थरात दम नसतो, जरा कोन वाढला की ती पंखाला सोडूनच देते, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी सोडत नाही म्हणून एक पंख पडतो. उपाय जुना आहे, पुढच्या कडेच्या जरा मागे बारीक अडथळा करायचा, हवा घुसळली जाते, घुसळलेली हवा जास्त वेळ चिकटून राहते. याला टर्ब्युलेटर म्हणतात, आणि खऱ्या ग्लायडरच्या पंखांवर जो लावतात तो बऱ्याचदा दातेरी पट्टीचाच असतो! म्हणजे कापड उसवू नये म्हणून कातरलेली कड आणि हवा घुसळायला कातरलेली कड एकाच आकाराच्या, आणि काकांनी ती बरोबर तिथेच लावली. खऱ्या विमानाला तिची हवेसाठी काही गरज नव्हती, माझ्या मॉडेलला होती.

हे इतकं छान जुळतं की त्याच कारणाने मला त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाहीये. कारण पट्ट्या लावल्यावर मी पंख परत मोजला होता, उजव्या टोकाचा वॉशआउट अर्ध्या अंशाने वाढलेला, डावा तसाच. रंग सुकताना फोम ओढला गेला असणार. अर्धा अंश एका बाजूला वाढून दोन्ही बाजूंचा स्टॉल सुधारेल हे पटत नाही, पण आधी दोन्ही पंखांत डोळ्याला न दिसणारा फरक असेल आणि तो आता मिटला असेल तर? शिवाय त्या पट्टीमुळे पुढच्या कडेची गोलाई जराशी जाड झाली, त्यानेही स्टॉल मवाळ होतो. ग्रुपवर विचारलं तर निम्म्यांनी जायरो, म्हणजे विमान आपोआप सरळ धरणारा स्टॅबिलायझर, बसव म्हणून सांगितलं. स्टॅबिलायझर बसवून कुठलंही विमान सरळ ठेवता येतं, त्याने पंखाबद्दल काही कळत नाही, आणि पंख समजून घ्यायचा नसेल तर तयार ईपीओ फोमचं विमान घ्या ना.

काकांचं विमान मागून पट्टी सोलून बघणं मला करायचं नाही. म्हणून त्याच शीटमधून दुसरा पंख कापलाय, टिश्यू आणि वार्निश तेच, दोन्ही टोकांचा वॉशआउट जुळवून घेतलाय. मायक्रोपोरची दातेरी पट्टी फक्त डाव्या अर्ध्यावर लावली, आणि उजवीकडे तेवढ्याच वजनाची सरळ पट्टी पंखाच्या खालच्या बाजूने, म्हणजे दोन्हीकडे भार सारखा. पट्टीचाच हात असेल तर स्टॉलला दरवेळी उजवा पंख पडायला हवा. कधी डावा कधी उजवा पडला तर कारण दुसरं आहे. सध्या माळावर दुपारपासून वारा असतो, पहाटेची एक शांत वेळ हवी. कुणी फोमवर अशी अर्ध्या पंखाची चाचणी केली असेल तर पट्टी कडेपासून किती मागे ठेवली होती तेवढं मला सांगा.