दारू सोडायची आहे, पण मीटिंग नक्की कुठे असते?

मीटिंगची यादी मिळायला पाच मिनिटं लागतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार देण्याचा गट. त्याच्या अधिकृत साइटवर देश निवडलं की आपल्या भागातल्या एएचा संपर्क किंवा साइट मिळते, तिथे मीटिंगचा वार, वेळ, पत्ता कळतो. माणसं अडकतात ती त्यानंतर. पत्त्यावर जाऊन पाहावं तर हॉलला कुलूप! बहुतेक ग्रुप शाळा, प्रार्थनास्थळं, दवाखाने अशा ठिकाणी तासाभरासाठी खोली घेतात. सुट्ट्या लागल्या, खोली बदलली, तरी यादी जुनीच राहते, कारण ती अपडेट करणारेही स्वयंसेवकच. आधीच कसाबसा धीर करून आलेला माणूस बंद दारावरून परत फिरला की पुन्हा लवकर येत नाही.

म्हणून निघण्याआधी एएच्या हेल्पलाइनला फोन करा. पलीकडे बहुतेक वेळा दारू सोडलेलाच कोणीतरी असतो. विचारायचं एवढंच: या आठवड्यात मीटिंग आहे ना? कुठल्या गेटने आत यायचं? मी नवीन आहे, दाराशी कोणी भेटेल का? हा तिसरा प्रश्न लाजेपोटी गाळू नका, उत्तर बहुतेक वेळा ‘हो, मीच थांबतो’ असं येतं. आडनाव सांगायची गरज नाही. फोन उचलला नाही तर दुसरा नंबर लावा, त्यावरून काही अर्थ काढत बसू नका.

यादीत ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ असे शब्द दिसतील. ओपनला कोणीही बसू शकतं, बायको, भाऊ, मित्रसुद्धा. क्लोज्ड फक्त ज्याला पिणं थांबवायचंय त्याच्यासाठी. ‘मी अल्कोहोलिक आहे की नाही’ हे आधी ठरवून जावं लागत नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

वेळ निवडताना सोय बघू नका, पिण्याची वेळ बघा. रोज संध्याकाळी सातला प्यायला बसणाऱ्याने रविवारी सकाळची मीटिंग गाठली तर तो तास चांगला जातो, पण संध्याकाळचे सात मोकळेच राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘मीटिंगला कोरडं जायचं’ म्हणून आदल्या दिवशी एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो, आणि भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार साधारण दोन ते चार दिवसांनी होऊ शकतो. पूर्वी सोडताना फिट आली असेल किंवा सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. ग्रुपमध्ये औषधं देणारं कोणी नसतं. प्यायलेल्या माणसालाही सहसा बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका, ऐका असं सांगतात.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बाहेर मोठा बोर्ड शोधू नका, एखाद्या बाजूच्या दारावर ‘एए’ लिहिलेला कागद असतो, तेवढाच. मीटिंग तास-दीड तासाची. सुरुवातीला काही वाचतात, मग एकेक जण शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो, आणि मध्ये कोणी सल्ला देत नाही. आपल्याकडे पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणालं की पुढे सरकते. फी नसते. वर्गणीची पिशवी फिरते, नवीन माणसाने त्यात काही टाकावं अशी अपेक्षा नसते.

ऑनलाइन मीटिंगला बसणार असाल तर लिंक उघडण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदला. ऑफिसच्या अकाउंटवरून लॉगिन केलं की पूर्ण नाव, कधीकधी फोटोसकट, सगळ्यांना दिसतं. मग ॲनॉनिमस कसले! कॅमेरा बंद ठेवला तर बहुतेक ठिकाणी चालतं.

पहिला ग्रुप जमला नाही तर एएला नावं ठेवू नका. प्रत्येक ग्रुप आपापला कारभार बघतो, त्यामुळे एकीकडे देवाचा उल्लेख सतत, दुसरीकडे नावापुरता. चार-पाच वेगळ्या मीटिंगा बघूनच मत बनवा. तरीही बारा पायऱ्यांची, म्हणजे एएच्या दारू सोडण्याच्या कार्यक्रमाची, भाषा पचत नसेल तर स्मार्ट रिकव्हरी आहे, १९९४ पासून चालू. तिथे देवाऐवजी विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. एए म्हणजे नुसती भावनिक बडबड, असं म्हणणाऱ्यांसाठी: कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए व तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरले.

घरच्यांसाठी वेगळी सोय आहे, अल-अनॉन, १९५१ पासूनची. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जावं. त्याच्या होकाराची वाट बघत बसू नये.

मीटिंग संपली की लगेच सटकू नका. खरी ओळख त्या नंतरच्या दहा मिनिटांत होते. दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही अडलेलं नसताना, एकाला फोन करा. ‘काल भेटलो होतो’ एवढंच बोला. रात्री अकराला तलफ आली की अनोळखी नंबर लावायला बोट उचलत नाही, आधी एकदा बोलणं झालेलं असलं तर उचलतं.