बिजागरीवरचं दार

आमच्या घरी बायबलमधलं नीतिसूत्रं हे पुस्तक तारखेनं वाचतात. अध्याय ३१, महिन्याचे दिवस ३१, त्यामुळे १ तारखेला पहिला अध्याय, २ ला दुसरा असं, आणि ३० दिवसांचा महिना असला की ३० तारखेला शेवटचे दोन एकदम. पप्पांनी लावलेली सवय आहे, ते गेले पण सवय राहिली. एवढ्या वर्षांत प्रत्येक अध्याय दीड-दोनशे वेळा तरी वाचून झाला असेल, पण वाचणं वेगळं आणि एखादं वचन येऊन छातीवर बसणं वेगळं.

माझं नगरजवळ फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याचे शेड असली कामं. गेल्या वर्षी जूनमध्ये २४ तारखेला सकाळी चहा घेत २४वा अध्याय वाचत होतो. शेवटी शेवटी ते आळशाच्या शेताचं येतं ना, ३० ते ३४ वचनं. सांगणारा माणूस रस्त्यानं चाललाय, जाता जाता एक शेत आणि द्राक्षमळा दिसतो, सगळीकडे काटे माजलेत, दगडी बांध ढासळलाय. मालक कुठं दिसतच नाही बघा, फक्त शेत दिसतं, आणि मग सांगणारा म्हणतो की हे बघून मी धडा घेतला, आणखी थोडीशी झोप, थोडीशी डुलकी, थोडं हात घडी करून पडणं, आणि दारिद्र्य दरोडेखोरासारखं येऊन उभं राहतं. यात मला ‘थोडीशी’ हा शब्द फार भयंकर वाटतो. कुणी म्हणत नाही की मी आता वर्षभर झोपतो. बांधाचा एक दगड निसटला, उद्या लावू. मग दुसरा.

तेव्हा माझ्या वर्कशॉपच्या भिंतीला एक गेट टेकून उभं होतं. दोन झडपांचं, स्क्वेअर पाइपचं, चांगलं वजनदार. वेल्डिंग चार दिवसांत झालं होतं, अर्धा ॲडव्हान्स आधीच घेतला होता. राहिलं काय होतं, तर कडीचा पट्टा, थोडं ग्राइंडिंग, गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात आणि साइटवर जाऊन फिटिंग. दीड दिवसाचं काम! आणि ते गेट दोन महिने तसंच उभं. बाकी १८ हजार त्यात अडकलेले. गिऱ्हाईक फोन करायचं, दादा कधी बसवताय, मी म्हणायचो उद्या नक्की. असं एकच नव्हतं, अशी पाच कामं होती, सगळी ऐंशी टक्के झालेली, आणि इकडे लोखंडाच्या दुकानाची उधारी वाढत होती, पोरांचा पगार मागेपुढे होत होता.

आता मला कुणी आळशी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. सकाळी आठला शटर उघडायचं ते रात्री नऊला बंद, हात भाजलेले, डोळे लाल, मग मी आळशी कसा? पण खरं काय होतं ते सांगतो, नवीन काम आलं की नवीन ॲडव्हान्स हातात येतो, त्यात उत्साह असतो, आणि शेवटचं घासणं-रंगवणं-बसवणं यात मन लागत नाही. म्हणून मी पुढचं काम धरायचो आणि मागचं भिंतीला टेकवायचो.

दोन दिवसांनी २६ तारीख. २६व्या अध्यायात १३ ते १६ अशी ओळीनं चार वचनं आळशावर आहेत. एकात तो म्हणतो रस्त्यात सिंह आहे, एकात ताटात हात घातलाय पण तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा, आणि मधलं १४वं असं की बिजागरीवर दार फिरतं तसा आळशी अंथरुणावर लोळतो. मी आयुष्यात किती बिजागऱ्या बसवल्या असतील त्याचा हिशोब नाही. दार दिवसभर हलतं, उघडतं, मिटतं, कुरकुरतं, ग्रीस मागतं. जात मात्र कुठंच नाही. जिथं ठोकलंय तिथंच. माझे तेरा तास डोळ्यासमोर आले आणि खरं सांगतो, मी पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो.

मग बाराव्या अध्यायातलं २७वं वचन आठवलं, आळशी माणूस आपली शिकार भाजत नाही. म्हणजे शिकार केलीय त्यानं! रानात गेला, पळाला, घाम गाळला, जनावर मारून घरी आणलं, आणि चूल पेटवली नाही. आपल्याकडे आळशी म्हटलं की खाटेवर लोळणारा डोळ्यासमोर येतो, पण नीतिसूत्रांतला आळशी कधी कधी चांगला दमलेला पण असतो.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा बायबल स्टडीत सांगितलं होतं की आळशासाठी जो मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द आहे, आत्सेल, तो जुन्या करारात १४ वेळा येतो आणि सगळेच्या सगळे नीतिसूत्रांतच. आणि उद्योगी माणसासाठी ‘हारूत्स’, ज्याची अक्षरं तीच ठेवून त्याच पुस्तकात सोनं असाही अर्थ येतो. मला वाटतं या लोकांना वेळेची किंमत शेतीमुळे कळलेली होती. इस्राएलात गेजेर म्हणून जुनं गाव आहे, तिथं १९०८ मध्ये चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, साधारण इसवी सनपूर्व दहाव्या शतकातली, म्हणजे ज्याच्या नावानं नीतिसूत्रं ओळखतात त्या शलमोन राजाच्या काळाच्या आसपासची. त्यावर वर्षभराची शेतीची कामं लिहिलीत, दोन महिने सुगी, दोन महिने पेरणी, दोन महिने उशिराची पेरणी, एक महिना जवस काढायचा, एक जवाचा, असं करत बरोबर बारा महिने. रिकामा महिना एकही नाही. तिकडे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, जमीन भिजली की थंडीतच नांगर धरायचा, म्हणून २०:४ मध्ये, म्हणजे २०व्या अध्यायाच्या ४थ्या वचनात, म्हटलंय की आळशी थंडीमुळे नांगरत नाही आणि मग सुगीत मागत फिरतो. सहाव्या अध्यायात आळशाला ‘मुंगीकडे जा’ म्हटलंय ते पण त्याचसाठी. तिच्यावर मुकादम नाही, मालक नाही, तरी ती उन्हाळ्यात धान्य भरते. आम्हा धंदेवाल्यांना हेच लागू पडतं, कारण आपल्यावर साहेब नसतो.

पण एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे. हीच वचनं गरिबांच्या तोंडावर मारली जातात तेव्हा मला फार त्रास होतो. आमच्या चर्चच्या मंडळीत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. दिवाळीच्या आगेमागे जातात ते मार्च-एप्रिलला येतात, पहाटे चारला फडात, थंडीत, लेकरं पाचटावर निजलेली. एकदा बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं त्यांच्यासमोर उद्योगी हात धनवान करतो यावर तासभर उपदेश केला आणि शेवटी, तुम्ही गरीब का आहात याचा विचार करा म्हणाला. एक मावशी खाली मान घालून बसली होती, तिच्या तळव्यांना कोयत्याचे घट्टे होते. त्या माणसानं २२:७ वाचलं नव्हतं का, कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो? मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल म्हणजे दुसरं काय असतं? हंगामभर तोडून उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आणि १३:२३ तर सरळ सांगतं की गरिबाच्या शेतात पुष्कळ पिकतं पण अन्यायामुळे ते वाहून जातं. एकाच पुस्तकात दोन्ही आहे. नव्या करारातल्या प्रेषित पौलाचं ‘काम न करणाऱ्यानं खाऊ नये’ हे पण असंच अर्धं सांगतात, थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात ३:१० ला ज्याला काम करायची *इच्छा* नाही त्याच्याबद्दल लिहिलंय. मुंगीकडे जा हे शेत असलेल्याला सांगितलंय. मला सांगितलंय. त्या मावशीला नाही.

त्या २६ तारखेनंतर मी शटरच्या आतल्या बाजूला खडूनं पाचही कामं लिहिली, काय राहिलंय आणि किती पैसे अडकलेत ते समोर. ठरवलं की यातलं एक पुसल्याशिवाय नवीन ॲडव्हान्स घ्यायचा नाही. एक चांगलं शेडचं काम त्यात हातचं गेलं, वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण जुलै संपेपर्यंत पाचही पुसली गेली आणि लोखंडवाल्याची उधारी निम्म्यावर आली. अजून पूर्ण फिटली नाहीये.

ते गेट बसवायला गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. झडपा उचलून बिजागरीत बसवल्या, ग्रीस लावलं, दोन-तीनदा उघडझाप करून बघितली, कडी नीट लागली. घरातल्या आजींनी चहा आणला आणि म्हणाल्या, आता रात्री कुत्री आत येणार नाहीत. दोन महिने त्या रोज रात्री तिथं पत्रा आडवा लावत होत्या. मला हे माहीतच नव्हतं.